दोन नळांची टाकी

माझ्या साळ्याशी माझं भांडण नाही. पण त्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. आजही दुखतं. बायको होती तोवर हे बोलायची सोय नव्हती, कारण तो तिचा सख्खा लहान भाऊ. आता ती नाही. म्हणून लिहितो. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. निघू द्या.

बाभुळगावच्या रस्त्याला आमचं घर आहे. घरापुढे टिनाचं शेड ठोकलं, तेच माझं गॅरेज. ट्रॅक्टर, ट्रॉली, फटफटी, बैलबंडीचं रबरी चाक, जे दारात येईल ते खोलायचं. साळा पाना धरायला माझ्याकडेच शिकला. शिकून झाल्यावर त्यानं दुकान कुठं टाकावं? बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. सगळ्या जिल्ह्यात काय जागा कमी होती? पण बायको म्हणाली, "राहू द्या त्याले मायाच नजरेपुढं." तिच्या नजरेपुढे म्हणजे माझ्याही नजरेपुढे. सकाळी दार उघडलं की आधी त्याचं तोंड.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला. नवीन गाडी कोणी घेत नव्हतं, जुनीच खोलून-जोडून चालवायचे. त्यामुळे काम होतं, पण सगळं जंग खाल्लेलं. ट्रॅक्टरच्या चाकाचा नट जाम झाला की पान्याला लांब पाइप अडकवून मी त्यावर उभा राहायचो, तरी हरामखोर हलायचा नाही. माझा उजवा खांदा त्या नटांनीच खाल्ला. संध्याकाळी बायको जवसाचं तेल गरम करून खांद्याला चोळायची आणि बडबडायची, "अवो, मशीन घ्या आता एखांदी. खांदा काही लोखंडाचा नाही तुमचा."

मशीन घ्यायचं माझ्याही मनात होतं. कोणती घ्यावी, एवढाच घोळ होता. एक करंटवर चालणारी नट खोलायची गन, बोर्डात पिन खुपसली की सुरू. दुसरी हवेवर चालणारी. तिच्यामागे कंप्रेसर लागतो, टाकी लागते, लांब पाइप लागतो. यवतमाळच्या दुकानात जाऊन मी दोन्ही हातात धरून पाहिल्या. करंटची जड होती. हवेची हलकी, पण तिच्यामागे एवढं लटांबर. पाहू, करू, असं करत मी राहिलो, आणि दसऱ्याच्या तोंडावर साळ्याच्या दारात ट्रॉली येऊन उभी राहिली. ट्रॉलीत कंप्रेसर. निळी टाकी, म्हशीच्या पोटाएवढी.

दसऱ्याला माझ्या पान्या-हातोड्यांना बायकोनं कुंकू लावलं, पण पोळ्या लाटता लाटता उठून लावावं तसं. मग हात धुतले, लुगडं बदललं आणि रस्ता ओलांडून गेली. बहिणीचा हात पहिला लागला पाहिजे, असं साळ्यानं सांगितलं होतं म्हणे. झेंडूचा हार तिनं स्वतः ओवलेला. माझ्या गॅरेजाला असा हार तिनं कधी ओवला नव्हता, माझ्या लग्नात तरी ओवला होता का, मला आठवत नाही.

त्या टाकीला दोन नळ होते. एकाला पाइप लावलेला, दुसरा बूच मारून बंद. मला बोलायला निमित्त पाहिजेच होतं.

"काहून बे, दोन नळ कायले? दोन बायका करून राह्यला का?"

जमलेले लोक हसले. त्याची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. साळा म्हणाला, "राहू द्या भाऊजी, येईन कामी," आणि त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं. ती हाराची गाठ मारत होती. तिनं मान वर केली नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तुमी बी हवेचंच घ्या. हाताले हलकी असते म्हने."

"कोन म्हने?"

"तो म्हने."

झालं. तो म्हणे! ज्याला मी नट कोणत्या बाजूला फिरवायचा हे शिकवलं, तो आता म्हणे. मी दुसऱ्याच दिवशी यवतमाळला गेलो आणि करंटची गन घेऊन आलो. सोबत करंटचाच धूळ उडवायचा ब्लोअर. बायकोनं पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. तिचं "बरं" ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते काय असतं हे कळणार नाही.

आता कोणी म्हणेल मी जळून घेतली. जळलो होतोच. पण माझं म्हणणं खोटं नव्हतं, आजही नाही. हवेच्या गननं ट्रॅक्टरचे मोठे नट खोलायला बसा, थोड्याच वेळात टाकी रिकामी. मग तिची मोटर घरघर करत भरेपर्यंत बिडी ओढत बसा. टाकीत पाणी साचतं, ते रोज खालून काढा, नाही तर आतून सडते. माझी गन तशी नाही. पिन लावली, बोट दाबलं, नट बाहेर. आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही.

पण करंटची लाइन पाहिजे ना! तेव्हा लाइन अशी जायची की ती आल्यावर लोक एकमेकांना हाका मारून सांगायचे. साळा लाइन असताना टाकी गच्च भरून ठेवायचा आणि लाइन गेल्यावर ती पुरवून पुरवून वापरायचा. माझी गन खुंटीला लटकलेली, मी पुन्हा पान्यावर उभा, आणि समोर त्याचं फुस्स-फुस्स चालूच.

त्यात कापसाची खरेदी सुरू झाली. खरेदी केंद्रावर माप हळू, म्हणून बंड्यांची आणि ट्रॉल्यांची रांग आमच्या घराच्याही पुढे गेली. माणसं रात्रंदिवस रस्त्यावरच राहिली. भरल्या बंडीखाली चाकं दबली की हवा भरायला सगळे साळ्याकडे. हवा भरायला गेला की तिथंच बसायचा, गप्पा तिथंच, तंबाखू तिथंच. बायको रांगेतल्या लोकांना चहा करायची. किटली घेऊन निघाली की मी शेडातून पाहायचो, आधी कोणत्या बाजूला वळते. ती तिकडेच वळायची. मी विचारलं तर म्हणाली, "मानसं तिकडं हायेत तं चाय कोनाले पाजू, तुमच्या हातोड्याले?"

एक दिवस मात्र माझ्याकडे गिऱ्हाईक आलं. कापसानं भरलेली ट्रॉली, चाक पंक्चर, आणि लाइनही होती. देव पावला म्हटलं. मी गन आणली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली, पिन लावली. रांग उभी राहिल्यापासून हवेत कापसाचे तंतू उडत होते. झाडाला, तारेला, माझ्या मिशीला, सगळीकडे पांढरं पांढरं. तेच तंतू गनच्या जाळीतून आत जाऊन बसले होते, आणि जाळी साफ करायचं मला सुचलं नव्हतं. दोन नट निघाले. तिसऱ्याला आतून जळका वास आला, मग धूर, मग जाळीतून निळी ठिणगी.

ट्रॉलीवाला वरून ओरडला, "अबे बुढ्या, पेटवतं का मले कापसासगट!"

मी वायर ओढून गन टिपाडातल्या पाण्यात टाकली. चर्र आवाज झाला आणि माझी मशीन मेली. रांगेतले लोक धावून आले होते. आग नाही हे पाहून हसायला लागले. कोणी म्हणालं, "काकांनी गनची भजी काढली." तेवढ्यात साळा रस्त्यापलीकडून आपला पाइप ओढत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, खाली बसला आणि माझ्या गिऱ्हाइकाचे उरलेले नट माझ्याच दारात काढून दिले. लोकांसमोर. पैसे माझ्या हातात द्यायला लावले त्यानं, हे आणखी वरून.

मी घरात जाऊन पडलो. बायकोनं तेल आणलं, मी पाठ फिरवली.

सकाळी उठून पाहतो तर साळा शिडीवर. त्याच्या दुकानापासून माझ्या शेडापर्यंत त्यानं दोन उंच बांबू रोवले होते आणि त्यावरून काळा पाइप आणत होता, भरली ट्रॉली खालून जाईल एवढ्या उंचावरून. दुसऱ्या नळाचं बूच काढलेलं. पाइपाचं तोंड माझ्या खुंटीला बांधलं, त्याला एक हलकी गन लावली, आणि उतरला.

"कोनं सांगतलं तुले?" मी विचारलं.

"म्या सांगतलं," बायको मागून म्हणाली. "आन् आता कापून टाकसान तं जेवायचं बी तिकडंच पाहा."

मी कापला नाही. तिच्यामुळे नाही कापला. गन हलकी होती हेही खरं, पण हे मी त्याला कधी म्हणालो नाही. पुढे किती तरी वर्षं असंच चाललं. सकाळी तो नळ उघडायचा, पाइप माझ्या शेडात फुसफुसायचा, आणि बायको अंगणातून म्हणायची, "आली पाहा हवा." मी म्हणायचो, "माहेरची." ती हसायची. ते हसणं माझं होतं, तेवढं तरी.

ती गेली ती ताप येऊन, थोडक्या दिवसांत. साळा एवढ्या मोठ्यानं रडला की लोक त्यालाच धरायला धावले. मी भिंतीला टेकून बसलो होतो. भेटायला येणारे आधी त्याच्या दुकानात थांबायचे, मग इकडे यायचे. रडण्यातही तो पुढे! आणि मनात येत राहिलं, हिला फ्रॉकात पाहिलं ते त्यानं, हिच्या कडेवर बसला तो, माझ्या वाट्याला ती आली ते सोळा-सतराची होऊन. त्याच्याजवळ तिचे माझ्याहून जास्त दिवस आहेत, आणि ते मला कोणी देणार नाही.

तिच्या तेराव्यानंतर मी त्याच्या दुकानात गेलो. तो टाकीखाली बसून पाणी काढत होता. पाणी तांबडं येत होतं.

"सडली भाऊजी," तो म्हणाला. "बदलाव लागते." बहिणीला तो बाई म्हणायचा. पाण्याकडेच पाहत म्हणाला, "बाईनंच घ्यायले लावलती हे. म्या लहान पाह्यली होती, एका नळाची. बाई म्हने, मोठी घे, दोन नळाची घे. त्याहीचा खांदा गेला, पन थे हवेचं काही घेनार नाहीत, तू घेतलं म्हनून तं बिलकुल घेनार नाहीत. एक नळ तिकडं लागन, आज नाही तं उद्या."

माझा खांदा, आणि बोलणं त्याच्याशी! एवढी वर्षं हे त्याच्या पोटात होतं, माझ्या नाही. दसऱ्याच्या दिवशी मी नळावरून टिंगल केली तेव्हा दोघांनाही ठाऊक होतं. चांगली गोष्ट ऐकूनही पोटात दुखू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघं यवतमाळला गेलो. दुकानदारानं आधी करंटच्या नव्या गन दाखवल्या. मी म्हटलं, ठेव त्या. मग त्यानं टाकी दाखवली, एका नळाची. साळा तिच्याकडे पाहत उभा राहिला. मला वाटलं, आता बहीण नाही, हा कायले दुसरा नळ घेईल? रस्त्यावरचे बांबूही उपटेल.

"दोन नळाची दाखव," मीच म्हणालो.

"दोन कायले काका?" दुकानदार हसला.

"मायी बाई सांगून गेली," साळा मध्येच बोलला.

"तुले सांगतलं असन," मी म्हटलं, "पन सांगतलं मायासाठी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. टाकी ट्रॉलीत चढवताना जड बाजू त्यानं धरली. मी म्हटलं, सरक, आणि धरली.