धक्कास्टार्ट डंपर

नागोरावांनी डंपर घेतला तेव्हा नवघर गावात दुसरा विषयच नव्हता. एक्याण्णव साल होतं. रिटायर झालेला माणूस फार तर रंगीत टीव्ही घेतो. यांनी आणला घोडबंदरच्या बाजूच्या एका बंद खाणीवरचा डिझेलचा डंपर, ज्याला पाहून भंगारवाल्यानंही नाक मुरडलं होतं. पत्रा गंजलेला, एक दार सुतळीनं बांधलेलं, सायलेन्सर असून नसल्यासारखा. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं विकतचं दुखणं घेतलं.

हिशेब तसा वेडा नव्हता. नागोरावांचा प्लॉट खोलगट, उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी थेट अंगणात यायचं. भराव टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आजूबाजूला बिल्डिंगांचे पाये खणले जात होते आणि निघालेली माती कुणीतरी न्यावी म्हणून बिल्डर हात जोडत होते. माती फुकट, वाहतूक महाग. जन्मभर सरकारी ट्रक चालवलेल्या माणसानं मग स्वतःचाच आणला, यात नवल कसलं?

दुसरं एक कारण होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. क्वार्टर सोडून ते इथे राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांची बायको, वैजयंताबाई, गेली. एकुलती एक मुलगी निशा सासरी, औरंगाबादला. घरात बोलायचं ते भिंतींशी. हाताला काम नसलं तर आपलं डोकं फिरेल, अशी त्यांना खरोखरच भीती वाटायची.

डंपरचं इंजिन ठणठणीत होतं, पण सेल्फ स्टार्टर मेलेला. चावी फिरवली की नुसतं टक्क. म्हणजे रोज सकाळी धक्का आलाच. नागोराव डंपर रस्त्याच्या उतारावर लावायचे, तरी चार-पाच माणसं लागायचीच. समोरचा दत्ताराम यायचा. तो नवघरचा मूळ गाववाला, रस्ता नव्हता तेव्हापासूनचा. शेजारच्या बिल्डिंगमधले दोघंतिघं दूध आणायला निघालेले हाताशी लागायचे. किराणा दुकानवाली हंसाबेन गल्ल्यावरून ओरडायची, काका, गाडी तुमची आणि पसीना आमचा, ये कैसा हिसाब? आणि नवऱ्यालाही पिटाळायची. खांद्याला खांदा लागायचा, आडनावांवरून नव्हे तर पोटांवरून एकमेकांची चेष्टा चालायची, आणि डंपरनं काळा धूर सोडला की सगळे आपणच कारखाना काढल्यासारखे खूश. मग चहा. तेवढ्या अर्ध्या तासावर नागोरावांचा उरलेला दिवस निघायचा.

मे महिन्यात निशा आली. बाप दारोदार धक्का मागत फिरतोय हे पाहून तिला भरून आलं. तिनं बापाला न विचारता मिस्त्री बोलावला, सेल्फ दुरुस्त करून घेतला, नवी बॅटरी बसवली. "आता कुणाचं तोंड बघायला नको, बाबा," ती म्हणाली. नागोरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लेकीच्या मायेला नावं कशी ठेवणार?

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चावी फिरवली आणि डंपर एका दमात सुरू झाला. रस्त्यावर कुणी थांबलं नाही, थांबायचं कारणच नव्हतं. दत्तारामनं ओट्यावरून हात वर केला आणि दात घासत आत गेला. हंसाबेन म्हणाली, चला, सुटलो बाबा. नागोराव हसले, पण दिवसभर हौदा भरताना आणि रिकामा करताना त्यांना सकाळचा न झालेला चहा आठवत राहिला. कुणी म्हणेल, जायचं होतं समोर, बसायचं होतं दोन घटका. बोलणं सोपं आहे. नांदेडकडच्या त्यांच्या गावात त्यांची वस्ती वेशीबाहेर. त्यांचा बाप गावात जायचा तो कुणी कामाला बोलावलं तरच, आणि काम सांगेपर्यंत अंगणाबाहेर उभा राहायचा. ते गाव सुटून जमाना झाला, बापही गेला, पण रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायला नागोरावांचे पाय आजही तयार नव्हते.

एका रविवारी त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि हाक मारली, सेल्फ पुन्हा गेला म्हणून. माणसं आली. धक्का बसला, चेष्टा झाली, धूर निघाला, चहाही झाला. नागोराव एवढे बोलले की हंसाबेननं विचारलं, काका, लॉटरी लागली काय? सगळे पांगल्यावर दत्ताराम मागे राहिला. त्यानं लोंबणारी वायर पाहिली होती. त्यानं ती गुपचूप जागेवर बसवली.

"आमाला हाक माराला वायर काडाला लागते काय?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

नागोरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काम नसताना कुणाच्या दारात जायची सवय नाही रे मला," ते कसेबसे बोलले.

दत्तारामला ते कळलं की नाही, देव जाणे. त्याच्या सात पिढ्या याच गावात, कुठलंही दार ढकलून आत जाणाऱ्या. तो नुसता मान हलवून गेला.

आता वायर काढायचीही सोय उरली नाही. माहीत असून लोक आले असते तर ती दया झाली असती, आणि दया त्यांना नको होती. दोन-तीन दिवस त्यांनी मुकाट्यानं माती ओढली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी डंपर सुरूच केला नाही. अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि रस्ता ओलांडून दत्तारामच्या अंगणाशी जाऊन उभे राहिले. परत फिरावं असंही वाटलं. तेवढ्यात दत्तारामची बायको अनसूया तांदूळ निवडता निवडता दारात आली.

"ते अंघोलीला गेलंत. काय काम व्हतं?" तिनं विचारलं.

नागोरावांनी चपला काढल्या.

"काम काही नाही, वहिनी," ते म्हणाले. "सहज आलो."