टोक धरा, साहेब

माझ्या हाताखालचा तो मालवणकडचा कारकून दर रविवारी मला बनारसमधल्या गळांच्या दुकानात नेतो. महागडे दोन रॉड आळीपाळीने हातात घेतो, मला टोक धरायला लावतो आणि डोळे मिटतो.

"हळू ओढा, साहेब. मासा असा हिसका देत नाही हो!"

गंगेत त्याने कधी गळ टाकला नाही. त्याला गावच्या खाडीवरच बसायचंय.

काल त्याने हलका रॉड निवडला. "ह्यात बोटभर मासासुद्धा हाताला कळतो." मग दुकानदाराला म्हणाला, "भैया, रख दीजिए. बदली होते ही ले जाऊँगा." आणि मला, "होईल ना हो या खेपेला?"

त्याच्यावाचून माझं काम अडतं, म्हणून त्याचा बदलीचा अर्ज चार महिने मी खणातच ठेवलाय.

"होईल," म्हणालो आणि त्याने सांगायच्या आधीच मी टोक धरलं. त्याने डोळे मिटले.