गिटारवरची धूळ

महिनाभर बाल्कनीत पडलेल्या मी अर्धवट बनवून सोडलेल्या गिटारवर आज धूळ नव्हती. मला संशय आला. दुपारी कपडे वाळत घालता घालता बायको थांबली, गिटारच्या फळीवर बोटाने टकटक केलं आणि कान लावला. फळी अजून किती तासायची, हे मी असंच ऐकून ठरवायचो.

"काय गं?"

"काही नाही, झुरळ होतं."

झुरळाला कोणी कान लावतं का? हौसेचं काम सोडलं तर कोणी जाब विचारत नाही, म्हणूनच ते सुटतं. पण आपण टाकलेली हौस घरातच कोणी गुपचूप सांभाळत असेल, तर?

मी रंधा उचलला. घरातून बायकोचा आवाज आला, "डावीकडे अजून जाड आहे. बद्द वाजतंय."