खोकला नाटकात नव्हता

“चाचाचा आवाज तू काढ,” मराठीचे सर म्हणाले. “तुले शिकवाच नाई लागत. तुह्या घरचंच हाय ते.”

वर्ग हसला. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या हसण्यातून निघालं.

मी अहेरीला दहावीत होतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं गावात झाडीपट्टीचं नाटक येऊन गेलं होतं. दोन भाऊ, वाटणी, दारू, शेवटी मिलाप. मधे दोनदा एक कल्हईवाला चाचा यायचा. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा. एकीचा पितळी गंज, म्हणजे पातेलं, कल्हईला न्यायचा, दुसरीचा आणून द्यायचा, वर बायकांकडे बघत दाढी कुरवाळायचा. सगळ्यात जास्त हशा त्यालाच.

माझे वडील कल्हईवाले होते. गावात तेवढे एकच.

सरांनी ठरवलं, नाटक पाहून विद्यार्थ्यांना काय वाटलं त्याची कॅसेट करायची. रेडिओवरच्या कार्यक्रमासारखी, मधेमधे नाटकातल्या पात्रांचे आवाज घालून. स्नेहसंमेलनात भोंग्यावर लावायची, मग कॉप्या काढून एटापल्लीपर्यंतच्या शाळांना द्यायच्या. सगळ्यांनी नाटकावर लिहून आणायचं. मी दोन पानं लिहिली. सरांना माझीच आवडली. त्यातलं एक वाक्य मात्र त्यांनी लाल पेनानं खोडलं : ‘कल्हईवाला भांडी बदलत नाही, बदलली तर गावात त्याला दुसरं भांडं मिळत नाही.’

“विषयाला धरून नाई,” म्हणाले.

ते वाक्य मला कुठून सुचलं? अब्बांना अक्षर वाचता येत नव्हतं. भांड्यावर कोरलेली नावं ते माझ्याकडून वाचून घ्यायचे. एकदा, दोनदा, परत देताना तिसऱ्यांदा.

माझी पानं सुधीरच्या हातात गेली. सुधीर ठेकेदाराचा मुलगा, टेपरेकॉर्डर त्याच्या घरचा. “सुधीर वाचल,” सर म्हणाले. “तुह्या तोंडून ते मराठी लोकायले पटन का?” मराठीत वर्गात पहिला मी यायचो. पण माझं डोकं सुधीरला दिलं गेलं, आणि माझ्या तोंडाला चाचा आला.

प्रयोगशाळेत खिडक्या लावून रेकॉर्डिंग झालं. मी चाचा केला. नाटकातला चाचा खोकत नव्हता. खोकला मी घातला. कुणी सांगितलं नव्हतं.

तो अब्बांचा होता. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि घसा धरतो. वीस वर्षं त्यांनी तो धूर गिळला होता. आधी बारीक ढास, मग छातीतून काहीतरी ओढून काढल्यासारखं, आणि शेवटी शिट्टी. मी शिट्टीसुद्धा काढली. सर हसून हसून डोळे पुसत होते. “वा रे पठ्ठ्या!” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो हात मला आवडला.

संमेलनाला अब्बांना मीच बोलावलं. “अब्बा, भोंगे पे मेरा आवाज बजनेवाला है.” ते ईदचा कुर्ता घालून आले. मागे उभे राहिले. कॅसेट लागली. सुधीरच्या आवाजात माझी पानं वाजली, टाळ्या पडल्या. मग चाचा आला. मग खोकला. लोक हसत हसत मागे वळले आणि अब्बांकडे बघू लागले. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. अब्बाही हसले. बाकीचे हसत होते तोवर हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला कढया घेऊन आला. “काय चाचा, पोट्ट्यानं त तुमाले भोंग्यावर चढोलं!”

“हौ भाऊ. हुशार हाय पोट्टा,” अब्बा म्हणाले.

तो गेल्यावर मला म्हणाले, “हूबेहूब करा रे बेटा तू. कब से सुन रहा था?”

त्यात राग नव्हता. राग असता तर मी सुटलो असतो.

त्या दिवसापासून ते माझ्यासमोर खोकले नाहीत. ढास आली की हातातलं भांडं खाली ठेवायचे, कल्हई फिरवायचा कापसाचा बोळा तोंडावर धरायचे आणि घरामागे जायचे. मी भाता चालवत बसायचो. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. निखारा विझू द्यायचा नाही म्हणून मला उठताही येत नव्हतं. की मीच उठत नव्हतो.

पंधरा दिवसांनी सरांनी पुन्हा बोलावलं. कॅसेट चंद्रपूरला स्पर्धेला पाठवायची होती. पुन्हा खिडक्या बंद. सुधीरनं बटण दाबलं.

“आता जरा लंबा खोक,” सर म्हणाले.

“नाई, सर.”

“काऊन?”

“तो माझ्या बापाचा खोकला हाय. नाटकातला नाई.”

“अरे, म्हणून त मस्त झाला!”

ते खरंच कौतुक करत होते. ते कौतुक ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी लख्ख झालं. या माणसाला सगळं माहीत होतं. तो कुणाचा खोकला, कशानं झालेला, सगळं. माहीत होतं म्हणूनच त्याला तो हवा होता.

मी सुधीरच्या हातातली पानं ओढून घेतली. “हे मी लिवलं हाय.” एक कोपरा त्याच्या बोटांत राहिला.

“माज आला काय बे तुले?” सर ओरडले. “चाल निंघ!”

मी निघालो. हा विजय नव्हता. सुधीरला पानं पाठ होती. चाचासाठी दुसरा मुलगा मिळाला आणि तो माझाच खोकला खोकला, शिट्टीसकट. कॅसेट चंद्रपूरला गेली. बाजारातली पोरं अब्बांना पाहून कित्येक वर्षं खोकायची. मी नकार दिला तोवर खोकला माझ्या हातातून गेला होता. अब्बा वारले. मी त्यांची माफी मागितली नाही. मागू शकलो असतो. वेळ भरपूर होता.

मागच्या महिन्यात कॉलेजची तीन पोरं माझ्याकडे आली. झाडीपट्टीच्या नाटकांवर पॉडकास्ट करताहेत. कुणीतरी त्यांना माझं नाव दिलं होतं. “काका, ते चाचाचं करून दाखवा ना. लय फेमस होतं म्हंतात.”

मी म्हणालो, चाचा मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही. कल्हई कशी करतात ते सांगतो. कोण करायचं ते नावानं सांगतो. कुणी हसवलं, कुणी हसलं, तेही नावानं. सगळं ठेवायचं. एक वाक्य जरी खोडायचं असेल तर फोन आत्ताच खिशात घाला.

त्यांच्यातल्या एका मुलीनं रेकॉर्डिंग सुरू करून फोन माझ्यासमोर ठेवला.

पहिलं नाव मी माझं घेतलं. दुसरं सरांचं.