समुद्रावरचा फोटो आणि चंदनाचा हार

मी तिसरी शिकलेला माणूस. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात आयुष्यभर कापड कापलं, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. बायको गेल्यावर अंबरनाथच्या खोलीत तिचा फोटो लावला. सकाळचा पहिला चहा तिच्यापुढे ठेवायचा, कालचं सगळं तिला सांगायचं आणि तोच चहा मग मी प्यायचा. दिवस तसाच सुरू व्हायचा, नाहीतर व्हायचाच नाही.

पुढे कारखान्यातल्या काज-बटणवाल्या बाईंशी माझं जमलं. बदलापूरच्या, त्याही विधवा. जमलं म्हणजे जमलं, त्यात लाजायचं काय? त्या घरी राहायला आल्या तरी फोटो जागचा हलला नाही. उलट चहा त्याच ठेवायच्या.

मुलगा कात्रपला नव्या फ्लॅटमध्ये गेला होता. त्याला कळलं तसा आला, बूट न काढता स्टुलावर चढला आणि आईचा फोटो उतरवला. "या बाईसमोर माझी आई राहणार नाही. आणि तुम्ही माझ्यासाठी मेलात."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. हात उठला असता तर थांबला नसता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "मास्तर, चहा कुठे ठेवू? खिळ्यापुढे?"

त्याच सुमारास कारखान्याच्या सेठच्या मेव्हण्याने नागावला समुद्रावर हॉटेल काढलं. गाद्यांच्या खोळी आणि मोठ्या छत्र्यांची कापडं तिथेच बसून शिवायची, राहणं-खाणं त्याचं. टेम्पोत मशीन टाकलं आणि आम्ही दोघं निघालो. दिवसभर काम. खाऱ्या हवेने सुया गंजायच्या, मशीनमध्ये वाळू शिरायची, बाई जुन्या ब्रशने ती झटकत बसायच्या. उन्हं उतरली की दोघं पाण्यात. मी एका जीन्सचे पाय गुडघ्यापासून कापून हाफ पँट केली, तर बाई हसता हसता वाळूत बसल्या. "मास्तर, पाय बघा, कोंबडीचे!"

मजा यायची आणि मजा आली की डोकं फिरायचं. हे सगळं घरी जाऊन सांगायचं कोणाला? भिंतीला?

शेवटच्या दिवशी घोडागाडीत बसून दोघांनी फोटो काढला. तो हातात आला आणि मला सुचलं. अंबरनाथला तो मोठा करून घेतला, फ्रेम केली, वर चंदनाचा हार चढवला. बाई कडाडल्या, "अहो, मी कशाला मरू? मेलात असं तो तुम्हाला म्हणाला, मला नाही!"

बरोबर होतं. हार माझ्या बाजूला ओढला. तो सरकू नये म्हणून बाईंनीच मागून दोरा बांधला.

कात्रपला मुलाकडे सत्यनारायण होता. मला बोलावणं नव्हतं. तीर्थप्रसाद चालू असताना मी एकटाच गेलो. हॉलमध्ये सुनेचे आईवडील, ऑफिसातली माणसं. फ्रेमवरचा कागद फाडला आणि ती सोफ्यावर उभी केली. घोडागाडी, हाफ पँट, बाई आणि हार.

व्याही उठलेच. "अहो, जिवंत माणसाच्या फोटोला हार? काय हे अभद्र!"

"जावयाला विचारा. मी मेलो असं तोच म्हणाला. आता आईच्या शेजारी बापालाही लाव म्हणावं."

मुलाने माझा दंड धरला. "बाबा, प्लीज, खाली चला."

"मेलेला माणूस जिना उतरतो का रे?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मुलाचे कान लाल झाले, ते मी डोळे भरून पाहिले. तेवढ्यात कोणीतरी हातावर प्रसादाचा शिरा ठेवला, पण गोड लागलं ते हेच.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"तिचा फोटो."

तो आत गेला. फोटो भिंतीवर नव्हताच. कपाटाच्या वरून काढून आणला, पेपरात गुंडाळलेला. हे आधी माहीत असतं तर मी आणखी मोठ्याने बोललो असतो. तिथेच, सगळ्यांसमोर पेपर सोडला. काच शर्टाच्या बाहीने पुसली.

निघताना सून हळूच म्हणाली, "बाबा, हा हारवाला फोटोही घेऊन जा ना."

"राहू दे," म्हटलं. "आहेर आहे."

नंतर मुलाचे फोन आले. मी उचलले नाहीत. लोक सांगतात, मास्तर, पोटचा पोर आहे, सोडून द्या. नाही सोडणार. आईला पेपरात बांधून कपाटावर टाकतो आणि मला लाज शिकवतो!

खिळा होता तिथेच होता. बाईंनी फोटो लावला, पुढे चहा ठेवला आणि भाकऱ्या थापायला गेल्या. मी तिला नागावचं सगळं सांगितलं, हाफ पँटसकट. चहा पार गार झाला, तरी माझं संपेना.