कावळ्याच्या कॅसेटी

शेजारच्या काकू ऐन रंगात आलेलं चित्र थांबवायच्या. व्हीसीआरचं बटण दाबलं की टीव्हीवरचा बाहुला कावळा चोचीत दप्तर धरून तसाच थरथरत उभा. मग काकू आमच्याकडे वळून विचारायच्या, "आता काय होईन? सांगा बरं."

आम्ही राळेगावातली गल्लीभर पोरं. तोच भाग कितीदा तरी पाहिलेला, तरी काकूंना उत्तर हवंच. मी घुमी. माझ्यावर नजर रोखून म्हणायच्या, "तू सांग व. तू बोलल्याबिगर कावळा हलत नाई." पोरं मला ढोसायची. शेवटी मी काहीतरी पुटपुटायची, तेव्हा कुठे कावळा उडायचा.

हा बाहुल्यांचा कार्यक्रम रविवारी सकाळी लागायचा आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडची वीज गेलेली असायची. काकूंची बहीण वणीला, कोळसा खाणीच्या कॉलनीत. तिथली वीज जात नसे. ती भाग टेप करून एसटीच्या कंडक्टरच्या हाती कॅसेट पाठवायची. काकू स्टँडवरून ती पदराखाली जपून आणायच्या आणि दुपारी वीज आली की आम्हाला हाक मारायच्या.

ती कापसाची वाईट वर्षं. भाव येईल म्हणून माणसं माल घरातच ठेवत. काकूंची पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. आम्ही त्याच्याच कडेला बसून टीव्ही पाहायचो आणि अंग खाजवायचो. जुन्या कॅसेटी काकूंनी त्याच ढिगात खोल खुपसून ठेवल्या होत्या. "कापसात ना ऊन लागत, ना ओल," म्हणायच्या. अशी जागा दुसऱ्या कोणाला सुचली असती का, तुम्हीच सांगा.

एका सकाळी काकू बाजाराला गेल्या. इकडे खरेदी सुरू झाल्याचं काकांच्या कानावर आलं आणि त्यांनी सगळा कापूस बैलगाडीत भरून नेला. काकू परतल्या तर खोली रिकामी. त्यांनी पिशवी उंबऱ्यातच टाकली, माझा हात धरला आणि तरातरा खरेदी केंद्रावर गेल्या.

काकांचा नंबर लागतच होता. काकू गाडीला आडव्या झाल्या.

"गाडी खाली नाई कराची. माह्या कॅसेटी हायत आत."

कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर वैतागला. "बाई, कापसात कॅसेटी कायले ठेवल्या?"

"मंग कुठं ठेवू? घरात दुसरी जागा हाय का?"

मागचे गाडीवाले कुरकुरायला लागले. त्यातल्या एकाने मात्र विचारलं, "कावळ्याच्या का त्या?" काकूंनी मान हलवली. "आमची पोट्टी बी तुमच्या घरीच पाहून राह्यली," म्हणत तो उतरला आणि त्याने कापसात हात घातला. मग बाकीचेही उतरले. मूठ मूठ कापूस चाचपत त्यांनी गाडी उपसली. काका कानकोंडे होऊन बैलांच्या पाठी थोपटत राहिले. साऱ्या कॅसेटी मिळाल्या. आमचं गाव असं होतं, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

पुढे मी एका टीव्ही केंद्राच्या टेप-संग्रहात नोकरीला लागले. कावळ्याच्या कार्यक्रमाची खोकी फळीवर होती, पण टेपांवर भलत्याच सभा-समारंभांचं चित्रण. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवं भरलेलं. साहेब हळहळले, "एकही भाग उरला नाही."

"उरलेत. राळेगावात आहेत," मी म्हणाले. घुम्या पोरीचा आवाज चांगला मोठा निघाला.

काकूंनी कॅसेटी हाती देण्याआधी मला दटावलं. "तुमी लोकं पुसून टाकता म्हणे. याच्यावर दुसरं काई भरसान तर नाई?"

"नाही काकू."

"मंग ने. साऱ्या पोरायले पाहू दे."

भाग संग्रहात जमा झाले, नोंदीत काकूंचं नाव लागलं. पण ते पुन्हा दाखवायच्या आधीच काकू गेल्या. मी फार रडले.

परवा त्या भागांची नवी प्रत तपासायला बसले होते. ऐन रंगात चित्रावर रेघा आल्या, कावळा थरथरला. शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला, "टेप झिजलीय इथे. सारखं याच जागी थांबवत असणार कोणीतरी. साफ करून टाकू?"

"नको. राहू दे."

तो चहाला गेला. मी चित्र मागे घेतलं. पुन्हा तीच जागा आली, त्याच रेघा आल्या.

"दप्तर घेऊन झाडावर बसन, काकू," मी मोठ्याने म्हणाले.

कावळा उडाला.