मामांची टांग

भीमामामा गेल्याचा फोन मामीनं केला, तेव्हा मी अक्कलकोट रोडवर टॉवेल कारखान्याच्या फाटकाशी पत्रकं वाटत होते. मामी रडत रडतच म्हणाली, "हातातली वाटून मगच ये गं… न्हायतर तेच उठून वाटत बसतील." मी वाटली, आणि मग गेले.

मामा इंग्रजीचे मास्तर, तरुणपणी पैलवान, आणि आमच्या कामगार वाचनालयाचे कायमचे सचिव. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी त्यांची पत्रकं वाचली. कुठल्याही पदाआधी 'कायमचा' हा शब्द आला की माझं डोकं फिरतं, हेही त्या पत्रकांमुळंच. म्हणून मागच्या निवडणुकीत मी मामांविरुद्धच उभी राहिले.

आता वाचनालयाचा रिवाज असा, की कुणाचंही पत्रक सचिवांनी तपासल्याशिवाय छापायला जात नाही. विरोधकाचंही नाही. मी माझं पत्रक त्यांच्यापुढं ठेवलं. मामांनी चष्मा चढवला, लाल पेन्सिल घेतली.

"'सचिव आता थकले आहेत.' लई मचूळ हाय. 'सचिव बैठकीत घोरतात' असं लिही की."

"मामा, अपमान होईल तुमचा."

"घोरतो न्हवं मी? मग?"

पुढं 'जुन्या नेतृत्वाला सप्लांट करू या' अशी ओळ होती. ठसक्यासाठी घातलेली. तिथं पेन्सिल थांबली. "एखाद्याला हटवून त्याच्या जागी बसणं, एवढंच ठाऊक असंल तुला. पर लॅटिनमधलं मूळ बघ. त्यात पायाचा तळवा हाय. खालनं पाय उडवून माणूस पाडायचा. आमच्या तालमीत त्याला टांग म्हणत्यात." एवढ्यावर थांबतील तर मामा कसले! ते प्रात्यक्षिकाला उठले, आणि वर्तमानपत्रांचा स्टँड आडवा झाला. धुरळा बसेपर्यंत आम्ही दोघं शिंकत होतो. मग म्हणाले, "पाडणं सोपं हाय पोरी. त्याच्या जागी उभं ऱ्हाणं अवघड… शब्द ऱ्हाऊ दे. झ्याक हाय."

मी निवडून आले, ते त्या घोरण्याच्या ओळीवर. मामा हरल्यावर सगळ्यांना सांगत फिरले, की पत्रक जोरदार होतं. त्यानंतर माझ्या प्रत्येक बैठकीला मागच्या बाकावर येऊन बसत, आणि घोरत.

मामांनंतर तपासणीचा रिवाज बंद पडेल, असं वाटलं होतं. कोण येणार माझ्याकडं? पण गेल्या आठवड्यात शिलाई खात्यातली निर्मला आली. यंदा ती माझ्याविरुद्ध उभी आहे. तिच्या पत्रकात लिहिलं होतं, 'सचिवांनी सर्वांना विश्वासात घ्यावे ही नम्र विनंती.' मला मनापासून संताप आला. विरोधात उभं राहायचं आणि नम्र विनंती करायची? ओळ खोडून मी वर लिहिलं, 'सचिव कुणाला तोंड उघडू देत नाहीत.'

निर्मला बावरली. "ताई, उद्या हेच छापून आलं की राग नाही ना येणार तुमाला?"

"येईल की," मी म्हणाले. "दुसरं पान दाखव."